वास क्लोरीनचा नसतो

नागावच्या आमच्या घरामागे छोटा स्विमिंग पूल आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटर पाणी. तुमच्या पूलचा हा आकडा आधी काढा, पंपाशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. क्लोरीनच्या पावडरीचं सगळं गणित त्यावर चालतं.

मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलं होतं. तिसऱ्या दिवशी पोरांचे डोळे लाल आणि पाण्याला उग्र वास. क्लोरीन जास्त झालं असं समजून मी दोन दिवस पावडर बंद ठेवली, तर पायऱ्यांवर हिरवी बुळबुळ. तो वास क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी यांत क्लोरीन अडकलं की ते तयार होतं आणि डोळ्यांना झोंबतं. अशा वेळी क्लोरीन वाढवायचं असतं.

किती अडकलंय ते कळायला डीपीडी गोळ्यांचा, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून मोजायचा किट घ्या. पिवळ्या रंगाच्या थेंबांचा किट फक्त एकूण क्लोरीन दाखवतो. हात कोपरापर्यंत बुडवून पाणी घ्या. एक नंबरची गोळी चुरडली की नळीत गुलाबी रंग येतो, ते मोकळं क्लोरीन. १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवं. त्याच नळीत तीन नंबरची गोळी टाका. रंग गडद झाला, तर जेवढा फरक तेवढं अडकलेलं. त्याच्या दहापट क्लोरीन एकदम द्यावं लागतं.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्कली आहे तो आकडा, आधी ७.२ ते ७.६ मध्ये आणा. तो ८ वर गेला की बरंचसं क्लोरीन नुसतं पडून राहतं.

पावडर सूर्यास्तानंतरच, उन्हात क्लोरीन झपाट्याने उडतं. ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर आमच्या पूलला १ पीपीएमसाठी सुमारे ६० ग्रॅम लागते. अडकलेलं ०.८ निघालं तेव्हा अर्धा किलो लागली. बादलीत आधी पाणी, मग पावडर, कधीही उलट नाही. ट्रायक्लोर हे क्लोरीनचंच दुसरं रसायन, त्याच्या गोळ्यांचा डबा आणि मोजायचा मग या पावडरीपासून वेगळे ठेवा. ही दोन रसायनं एकत्र आली तर पेट घेतात. अ‍ॅसिडही लांबच, त्याच्याशी विषारी वायू सुटतो.

पंप रात्रभर चालू ठेवते. सकाळी पुन्हा किटची एक नंबरची गोळी. आकडा ३ च्या खाली आल्याशिवाय पोरांना उतरू देत नाही, आणि डोक्याला तेल असेल तर आधी बाहेरच्या नळाखाली.