कोर्तिना दाम्पेत्सो : डोलोमाइट डोंगरांतील एका गावी मुक्काम ठेवून कसे फिरावे

मे महिना आणि दिवाळी या पुणेकर कुटुंबांच्या हक्काच्या सुट्या. परंतु उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतरांगेत फिरायचे असेल, तर हे दोन्ही काळ टाळावेत. मे महिन्यात २००० मीटरच्या वरच्या वाटांवर ठिकठिकाणी बर्फ साचलेले असते, बहुतेक रोपवे आणि डोंगरावरील निवारे सुरू झालेले नसतात. दिवाळीपर्यंत तेच निवारे पुन्हा बंद झालेले असतात. खरा हंगाम साधारण २० जून ते २० सप्टेंबर असा तीन महिन्यांचा आहे. त्यातही १५ ऑगस्टच्या जोडून सुटीचा मोह धरू नये, कारण त्याच दिवशी इटलीतही मोठी सार्वजनिक सुटी असते आणि निम्मा देश डोंगरात आलेला असतो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत उत्तम, कारण हवा स्वच्छ आणि गर्दी ओसरलेली. परंतु बहुधा त्याच सुमारास गणपती येतात, आणि त्या दिवसांत पुणे सोडा असे कोणाला सांगण्यात अर्थ नाही. उरला जूनचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा पहिला पंधरवडा. मुलांची शाळा नुकतीच सुरू झालेली असली, तरी माझ्या मते हाच काळ धरावा. कुरणे त्या वेळी फुलांनी भरलेली असतात, आणि सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळत असल्याने दिवस हाताशी भरपूर असतो.

मुक्काम एकाच गावी ठेवावा. वेनेतो प्रांतातील कोर्तिना दाम्पेत्सो हे सहा हजारांच्या आत वस्तीचे गाव १९५६ आणि २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे जगाला माहीत झाले, पण चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे : चारी दिशांना घाट फुटलेले आहेत आणि बहुतेक घाटांकडे उन्हाळ्यात बस जाते. गावात रेल्वे नाही. कालाल्त्सो ते दोब्बियाको हा जुना लोहमार्ग १९६४ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी आता सायकलमार्ग आहे आणि जुन्या स्थानकाच्या इमारतीत बसस्थानक चालते. त्यामुळे व्हेनिसच्या विमानतळावरून किंवा मेस्त्रे स्थानकावरून थेट बस धरणे हा सरळ मार्ग होय. या प्रवासास दोन ते अडीच तास लागतात. पुण्याहून मुंबई, दिल्ली अथवा आखाती शहरांमार्गे व्हेनिसला पोहोचता येते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात : शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा लागतो. हा विमा घेताना गिर्यारोहण किंवा उंचीवरील पदभ्रमण त्यातून वगळलेले नाही ना, हे बारीक अक्षरांत पाहून घ्यावे. मोटार भाड्याने घ्यायची असल्यास निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. मात्र उजव्या बाजूने, नागमोडी घाटात, मागे स्थानिक चालक घाई करीत असताना गाडी चालवण्यापेक्षा बस बरी, असे माझे मत आहे.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना उंचीचा अंदाज असा घेता येईल. कोर्तिना गाव १२२४ मीटरवर, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याहून थोडेच खाली आहे. जवळचा मिसुरिना तलाव १७५४ मीटरवर, म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईहूनही वर. बहुतेक फेऱ्या मात्र याहून पुष्कळ वर, २१०० ते २७५० मीटरच्या पट्ट्यात होतात. तेथे उंचीचा आजार सहसा होत नाही. दम लागतो आणि ऊन भाजते, हे मात्र खरे. सिंहगड पायथ्यापासून न थांबता चढता-उतरता येत असेल, तर इथल्या बहुतेक वाटा जमतील.

सवय मोडावी लागते ती खडकाबाबत. आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर चांगल्या बुटाची पकड बसते. डोलोमाइटचा फिकट खडक २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या थरांचा आणि प्रवाळभित्तींचा आहे, आणि १८ व्या शतकात त्याचे वेगळेपण नोंदवणाऱ्या देओदा द दोलोम्यू या फ्रेंच भूशास्त्रज्ञावरून त्याला नाव मिळाले. हा खडक थंडी-उन्हाने सतत फुटत राहतो, त्यामुळे प्रत्येक सुळक्याच्या पायाशी पांढऱ्या खड्यांचा घसारा पसरलेला असतो आणि वाटा त्यावरूनच आडव्या जातात. घोट्याला आधार देणारे बूट आणि दोन काठ्या येथे अत्यावश्यक समजाव्यात. उतरताना खडे पायाखाली गोळ्यांसारखे गडगडतात, तेव्हा पावले आखूड टाकावीत. सूर्यास्ताच्या वेळी याच फिकट कड्यांवर आधी केशरी आणि मग गुलाबी रंग चढतो. तो पाहण्यासाठी वर जाण्याची गरज नाही, गावातील कोणताही मोकळा बाक पुरेसा आहे.

वाटांची व्यवस्था चोख आहे आणि ती वाचायला शिकणे हीच खरी तयारी. दगडांवर व झाडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि वाटेचा क्रमांक रंगवलेला असतो. फाट्यांवरील पाट्यांवर किलोमीटरऐवजी बहुधा तास व मिनिटे लिहिलेली असतात. या वेळेत विश्रांती आणि छायाचित्रे धरलेली नसतात, म्हणून कुटुंबासह जाताना त्यात निम्मी भर घालावी. इटालियन अल्पाइन क्लबच्या वर्गवारीत ‘टी’ म्हणजे सोपी वाट, ‘ई’ म्हणजे नेहमीच्या ट्रेकरसाठी, ‘ईई’ म्हणजे अनुभवी लोकांसाठी, आणि ‘ईईए’ म्हणजे हार्नेस व हेल्मेट लागणारी, पोलादी दोर बसवलेली वाट. शेवटच्या प्रकारावर वाटाड्याशिवाय जाऊ नये.

हवामानाचा नियम एका वाक्यात मावतो : सकाळी वर, दुपारी खाली. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असली तरी दरीतील तापलेली हवा वर चढून दुपारनंतर विजांसह पाऊस होणे नित्याचे आहे. आपल्याकडे पावसात भिजत गड चढण्याची हौस असते; ती येथे घरी ठेवावी, कारण त्या पावसाचे तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकते आणि उघड्या धारेवर, विशेषतः पोलादी दोराजवळ, वीज जीवघेणी ठरते. वेनेतोच्या हवामान केंद्राचे डोलोमाइट विभागासाठीचे वार्तापत्र आदल्या संध्याकाळी पाहावे आणि दुसऱ्या दिवसाचा बेत तेव्हाच ठरवावा. कोणत्या दिवशी कोठे जायचे हे पुण्यातून तारीखवार ठरवून येणे हा सहल कंपन्यांचा खाक्या आहे. डोंगराला तो लागू पडत नाही.

पहिला दिवस गावातच घालवावा. कोर्सो इतालिया हा पादचारी रस्ता आणि त्यावरील उंच घंटाघर असलेले चर्च तासाभरात पाहून होते. दुकाने महाग आहेत, तेथे रेंगाळण्यासारखे काही नाही. त्यापेक्षा बसस्थानकाजवळून फालोरियाच्या रोपवेने वर जाऊन सारे खोरे एका नजरेत समजून घ्यावे : पश्चिमेस ३२४४ मीटरचा तोफाना, उत्तरेस क्रिस्तालो, दक्षिणेकडे सोरापिस आणि अंतेलाओ. हे खोरे १५११ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या ताब्यात होते, आणि येथील मूळ रहिवाशांची लदिन ही भाषा इटालियनहून वेगळी आहे. वर दिसणारी बरीचशी जंगले आणि कुरणे ना सरकारी आहेत ना खासगी. ती ‘रेगोले’ नावाच्या, मध्ययुगापासून चालत आलेल्या सामाईक संस्थांच्या मालकीची आहेत. जुनी घराणी त्यांची सदस्य असतात आणि जमीन विकता येत नाही. १९९० मध्ये स्थापन झालेल्या येथील निसर्ग उद्यानाची व्यवस्थाही याच संस्था पाहतात. खोऱ्यात इतके बांधकाम होऊनही उतार हिरवे का राहिले, याचे बरेचसे उत्तर या व्यवस्थेत आहे.

एकच दिवस हाती असेल, तर तो फाल्त्सारेगो घाटाला द्यावा. गावातून निघालेली बस वाटेत चिंक्वे तोर्री या सुळक्यांच्या पायथ्याशी थांबते. तेथून खुर्च्यांच्या लिफ्टने स्कोयात्तोली निवाऱ्यापर्यंत जाता येते आणि सुळक्यांभोवतीची फेरी तास-दीड तासात होते. येथील त्रेफोर नावाचा एक सुळका २००४ मध्ये कोसळला. त्याचे ढीग आजही दिसतात. पहिल्या महायुद्धातील इटालियन खंदक पुन्हा बांधून खुले ठेवले आहेत, मुलांना ते फार आवडतात. पुढे २१०५ मीटरवरील घाटमाथ्यावरून रोपवेने २७५२ मीटरवर, लागात्सुओई शिखराजवळ उतरावे. १९१५ ते १९१७ या काळात शिखरावर ऑस्ट्रियन आणि खालच्या कड्याच्या पट्टीवर इटालियन सैन्य होते. एकमेकांना हटवता येईना, तेव्हा दोघांनीही डोंगर आतून पोखरला, आणि २० जून १९१७ रोजी इटालियनांनी शत्रूच्या ठाण्याखाली प्रचंड सुरुंग उडवला. तोच इटालियन बोगदा आज उतरण्याची वाट आहे. आत अंधार, ओल्या आणि असमान उंचीच्या पायऱ्या, हाताला तारेचा दोर, मधूनमधून भिंतीत बंदुकीसाठी पाडलेल्या झरोक्यांतून दिसणारा उजेडाचा चौकोन. गुडघ्यांची परीक्षा होते. हेल्मेट आणि डोक्यावरचा दिवा हवाच. दोन्ही वस्तू गावातील गिर्यारोहण साहित्याच्या दुकानांत भाड्याने मिळतात. गुडघे दुखणाऱ्यांनी रोपवेनेच परतावे. बोगद्यातून चढून जाण्याचा हट्ट कोणीच धरू नये.

त्रे चीमे दी लावारेदो हे तीन सुळके सर्वांनाच पाहायचे असतात. औरोंत्सो निवाऱ्यापासून सुळक्यांना वळसा घालणारी सुमारे दहा किलोमीटरची फेरी चार तासांची असून वाट सोपी आहे. २४५४ मीटरच्या लावारेदो खिंडीत पोहोचताच उत्तरेकडील सरळसोट भिंती एकदम समोर येतात. मधल्या, २९९९ मीटरच्या सुळक्यावर पहिली चढाई १८६९ मध्ये झाली. त्याची उत्तर भिंत सर व्हायला मात्र १९३३ उजाडले. वर जाणारा रस्ता पथकराचा आहे, आणि २०२५ पासून मोटारींना आगाऊ ऑनलाइन आरक्षण सक्तीचे झाले आहे. म्हणून मिसुरिनामार्गे जाणारी पहिली बस गाठावी. दहानंतर पोहोचलात, तर सुळक्यांपेक्षा माणसेच अधिक दिसतील.

सोरापिस तलावाचे पाणी दुधात निळा रंग कालवावा तसे दिसते; हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ पाण्यात तरंगत राहिल्याने हा रंग येतो. त्रे क्रोची घाटातून २१५ क्रमांकाची वाट दोन तासांत तेथे नेते, परंतु मधल्या टप्प्यात कड्यालगत अरुंद पट्टी, पोलादी दोर आणि लोखंडी पायऱ्या आहेत. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी आणि लहान मुलांसोबत येणाऱ्यांनी ती टाळावी. समाजमाध्यमांवर गाजलेला ब्राइएस तलाव सुंदर आहे यात शंका नाही, पण ऐन हंगामात आरक्षणाशिवाय मोटारीला दिवसा प्रवेश नाही, आणि काठावरची गर्दी तुळशीबागेची आठवण करून देते. वेळ कमी असेल तर तो खुशाल वगळावा.

शाकाहारींची गैरसोय होईल ही भीती अनाठायी आहे. बीट भरलेले, वरून लोणी व खसखस घातलेले अर्धचंद्राकृती ‘कासुन्त्सिएई’ ही खास कोर्तिनाची पाककृती आहे. मक्याच्या पिठाच्या पोलेंतासोबत अळंबी किंवा चीज मिळते. अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी ताज्या पास्त्यात ते असते हे लक्षात ठेवावे, आणि सूप मागवताना त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारावे. दुपारी अडीच ते सात स्वयंपाकघरे बंद असतात. तेव्हा सॅकमध्ये दाण्याची चिक्की, खाकरे आणि पुरेसे पाणी असू द्यावे.

एक रात्र तरी डोंगरावरच्या निवाऱ्यात काढावी. जागा काही महिने आधी राखून ठेवावी लागते. बूट दाराशी काढायचे असतात, अंथरुणासाठी स्वतःची कापडी पिशवी न्यायची असते, जेवण एका ठरावीक वेळी येते आणि दहाच्या सुमारास दिवे मालवतात. रोख पैसे जवळ ठेवावेत. एडेलवाइससारखी रानफुले तोडण्यास कायद्याने मनाई आहे. शिट्टीसारखा आवाज ऐकू आल्यास आधी कुरणातील दगडांकडे पाहावे. मार्मोट हा खारीच्या कुळातील प्राणी दिसण्याची शक्यता असते.

संकटात ११२ हा क्रमांक लावावा. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिव्याची खूण करावी, एक मिनिट थांबून पुन्हा करावी; उत्तर मिनिटाला तीन खुणांनी मिळते. हेलिकॉप्टर दिसल्यास दोन्ही हात वर करणे म्हणजे मदत हवी. एक हात वर आणि एक खाली, म्हणजे नको. गंमत म्हणून हात हलवू नयेत. दुखापत नसताना बोलावलेल्या हेलिकॉप्टरचा खर्च वेनेतोत पर्यटकाकडून वसूल केला जातो.

परतीचे विमान असेल त्याच्या आदल्या दिवशीच व्हेनिसला उतरावे. जोराच्या पावसानंतर डोंगरावरून दगड-चिखलाचे लोट येऊन कोर्तिनाचा दक्षिणेकडील मुख्य रस्ता बंद पडतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तसे घडले होते. तशी वेळ आल्यास उत्तरेकडे दोब्बियाकोपर्यंत बस आणि तेथून रेल्वे, हा पर्यायी मार्ग ध्यानात असू द्यावा.