स्वस्त फ्लुरोसन्स डिटेक्टर बनवताना या चुका टाळा

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे केसासारख्या बारीक नळीत (कॅपिलरीत) मोठं व्होल्टेज लावून द्रावणातले घटक वेगळे करणं. ते घटक रंगद्रव्याच्या चमकेवरून (फ्लुरोसन्स) टिपणारा डिटेक्टर निळा एलईडी, फिल्टर आणि फोटोडायोड (प्रकाशाचा विद्युतप्रवाह करणारा घटक) घेऊन गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजात उभा करता येतो. पण सिग्नल क्षीण दिसला की बहुतेक जण आणखी प्रखर एलईडी आणतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

फ्लुरोसिन (चमकणारं रंगद्रव्य) ४९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि साधारण ५१५ला सोडतो. ४७०च्या एलईडीच्या उजेडाची शेपटी मात्र ५२०च्याही पुढे जाते. फोटोडायोडपुढचा फिल्टर तिला अडवत नाही, कारण नेमका तोच प्रकाश आत सोडण्यासाठी तो बसवलेला असतो. एलईडी दुप्पट तळपवला की शेपटीही दुप्पट होते. म्हणून एलईडीपुढेही फिल्टर हवाच. नाटकाच्या दिव्यांचा निळा जिलेटीन कागद इथे चालत नाही, त्यातून हिरवा उजेड बराच निसटतो. काटकसर यंत्राच्या डब्यात करा, फिल्टरमध्ये नको.

कॅपिलरीवरचं तपकिरी पॉलिइमाइडचं आवरण स्वतःच चमकतं. प्रकाश आत-बाहेर जाण्याच्या खिडकीपुरतं, काही मिलिमीटर, ते जाळून अल्कोहोलने पुसा. तिथे नळी ठिसूळ होते, वाकवू नका.

बेसलाइन (नमुना नसतानाचं रीडिंग) जून ते सप्टेंबरातच भरकटत असेल, तर आधी दमट हवेवर संशय घ्या. फोटोडायोडच्या ॲम्प्लिफायरमधल्या १ गिगाओमच्या फीडबॅक रेझिस्टरवर (प्रवाहाचं व्होल्टेज करणाऱ्या रोधावर) १ नॅनोअँपिअरचा थेट १ व्होल्ट होतो. सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलेल्या ओलसर बोर्डावर ५ व्होल्टच्या रेषेपासून ५ गिगाओमची वाट तयार झाली, तरी तेवढाच प्रवाह गळतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा, संवेदनशील टोकाभोवती गार्ड रिंग (गळती अडवणारा तांब्याचा वेढा) द्या आणि डब्यात सिलिका जेल ठेवा. आपल्याकडे लेन्सवर बुरशी धरते, तीही त्याने टळते.

दोष कुठे आहे ते ओळखायला एलईडी बंद ठेवून, मग नुसत्या बफरवर (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर) आणि शेवटी रंगद्रव्यावर रीडिंग घ्या. बंद असतानाच आकडा मोठा आला, तर फोटोडायोड काळ्या टेपने झाका. आकडा उतरला तर बाहेरचा उजेड शिरतोय, नाही उतरला तर बोर्डाची गळती किंवा ॲम्प्लिफायरचा ऑफसेट. बफरवर फुगला तर फिल्टर आणि मांडणी तपासा. रंगद्रव्यावरच कमी आला तर पीएच मोजा. फ्लुरोसिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ६.४च्या आसपास असल्याने आम्लधर्मी बफरमध्ये तो मंदावतो. पीएच ९चा बोरेट बफर घ्या.

रीडिंगची सरासरी २० मिलिसेकंदांच्या पटीत काढली की विजेची ५० हर्ट्झची घरघर बरीच कमी होते.

आणि नळीचं डिटेक्टरकडचं टोक नेहमी अर्थिंगला जोडा. दुसऱ्या टोकाला हजारो व्होल्ट असतात, तिथे झाकण उघडताच सप्लाय तोडणारा स्विच बसवल्याशिवाय यंत्र चालू करू नका.