घरात पडून असलेल्या राउटरने आतल्या खोलीत वायफाय कसं पोहोचवावं

फायबरवाला राउटर लावून जातो तो बहुतेक हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. मग चिऱ्याच्या भिंतीचं घर असलं की स्वयंपाकघरापलीकडे रेंज जेमतेम एक दांडी. जुना राउटर माळ्यावर असेल तर नवीन काही घ्यायची गरज नाही. बीएसएनएलच्या काळातला टेलिफोन लाइनवाला मोडेम-राउटरसुद्धा चालतो.

आधी वायर. हॉलपासून त्या खोलीपर्यंत कॅट-सिक्स केबल ओढून घ्या, तीही पूर्ण तांब्याची. १०० मीटरपर्यंत अडचण येत नाही. लाइटच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती नेऊ नका.

आता जुना राउटर चालू करा, मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबा, म्हणजे जुनी सेटिंग्ज पुसली जातील. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायचं भोक) जोडा आणि खाली चिकटवलेल्या लेबलवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. मेन्यूत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’, म्हणजे वायरने आलेलं नेट नुसतं वायफायवर पसरवायची सेटिंग, दिसला तर तो निवडा, निम्मं काम तिथेच झालं.

नसेल तर हाताने करायचं, आणि क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा वायफायचं नाव आणि पासवर्ड, सुरक्षा डब्ल्यूपीए-२. सुरुवातीला नाव वेगळं ठेवा, म्हणजे फोन नेमका कुठल्या राउटरवर आहे ते कळतं. सगळं नीट चाललं की मुख्य राउटरचंच नाव-पासवर्ड द्या. चॅनल मुख्य राउटरचा १ असेल तर इथे ६ किंवा ११.

मग राउटरचा स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला त्याच मालिकेतला, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारा, पण मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा पत्ता हवा. तो कुठून कुठपर्यंत वाटतो ते त्याच्या डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटायची सोय) पानावर दिसतं. पत्ता बदलला की केबल काढून परत लावा आणि नव्या पत्त्यावर लॉगिन करा.

सगळ्यात शेवटी जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा. घोळ होतो तो इथेच. हे चालू राहिलं तर एकाच घरात दोघे पत्ते वाटायला लागतात. फोन ‘कनेक्टेड’ म्हणतो, पण नेट कधी येतं, कधी नाही.

आता हॉलमधून आलेली वायर जुन्या राउटरच्या लॅन पोर्टलाच लावा. वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट (बाहेरून नेट आत घ्यायचं भोक) मोकळं सोडा. जुन्या राउटरचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असतात, तेव्हा ३०० चा प्लॅन असला तरी या खोलीत शंभरच्या आतच मिळेल. व्हिडिओ कॉलला तेवढं भरपूर झालं.

वायर ओढणं शक्यच नसेल तर रिपीटर मोड आहे, म्हणजे राउटर हॉलचं वायफाय पकडून तेच पुढे पसरवतो, पण एकच रेडिओ ऐकणार आणि बोलणारही, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. असा राउटर रेंज नसलेल्या खोलीत ठेवून काही होत नाही. वाटेत, जिथे हॉलची रेंज चांगली मिळते तिथे ठेवा.

लाइट जाणारा भाग असेल तर दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर घ्या, फायबरचा वेगळा डबा असेल तर तोही. नुसता आतला चालू राहिला तर वायफाय दिसेल, नेट नसेल.