पट्टा सैल सोडल्यावर काय दिसतं?

माझा पहिला रॉटवायलर कुत्रा डॉग शोच्या रिंगमध्ये (परीक्षणाच्या जागेत) स्टॅकमध्ये, म्हणजे जजसाठी ठरलेल्या पोझमध्ये, उभा राहिला की बघणारे थबकायचे. मलाही वाटायचं, जिंकलो. मग जज म्हणायचे, "पळवा," आणि आमचं पितळ उघडं पडायचं. लागोपाठ चार शो ‘व्हेरी गुड’ घेऊन परतलो. त्याच्या वरची ग्रेड ‘एक्सलंट’ का मिळत नाही, ते काही केल्या कळेना.

जातीचा कुत्रा कसा असावा हे सांगणारं स्टँडर्ड तुम्ही वाचलेलं असेलच. तरी आकाराचा मोह सुटत नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या स्टँडर्डमध्ये नर रॉटवायलरची उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर दिली आहे, पण योग्य उंची ६५-६६ आणि ६७-६८ म्हणजे ‘फार मोठा’. खाऊ घालून फुगवलेला कुत्रा जजला भारदस्त वाटत नाही, जड वाटतो. हा प्राणी गुरं हाकायचा. दिवसभर चालेल का, हाच जजच्या मनातला प्रश्न.

आता माझी चूक. मी पट्टा जबड्याखाली चढवून ताणून धरायचो, म्हणजे मान ताठ, रुबाब दिसतो. होतं काय, पट्ट्यावर मान लटकली की पुढच्या पायांवरचा भार उचलला जातो. खांदा उघडत नाही, पंजे हवेत उडतात आणि धपधप पडतात, पाठ मागे उतरते. तुम्हाला वरून रुबाब दिसतो, जजला बाजूने आखूड पाऊल दिसतं. स्टँडर्ड म्हणतं की हा दुडकीने चालणारा कुत्रा, चालताना पाठ घट्ट, स्थिर. ते सगळं मी स्वतःच्या हाताने झाकत होतो.

चौथ्या शोमध्ये जज म्हणाले, "पट्टा सैल सोडा." सोडला, तर पठ्ठ्या पेसिंग करायला लागला: एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, उंटासारखे हलत. स्वतःचा तोल स्वतः सांभाळायला मी त्याला शिकवलंच नव्हतं! वेग कमी पडला की जड कुत्रे सहज पेसिंगमध्ये घसरतात. म्हणून दोन-चार पावलं चालवा, मग झटकन वेग वाढवा. घसरलाच तर पट्टा क्षणभर वर उचला, लय मोडा, पुन्हा सुरू करा. पट्टा हातात असावा, वजन नसावं. आणि कुणाला तरी जमिनीलगत बसवून बाजूने व्हिडिओ काढायला लावा. आरशासमोर स्टॅक करून हे दिसत नाही. मला दोन महिने लागले, तुम्हाला कमी लागतील.

भाड्याच्या हँडलरने, म्हणजे पैसे घेऊन रिंगमध्ये कुत्रा फिरवणाऱ्याने, एका दिवसात हे होतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आणि ज्याला तुम्हाला पिल्लू विकायचं आहे, त्याला गुरू करू नका. रिंगच्या कडेला शेजारी बसवून "हा का हरला, सांग" म्हणणारा माणूस मिळाला तर सोडू नका.

राखणदार जात म्हणून गुरगुरणं चालेल, हा गैरसमज घरीच ठेवा. जज दात मोजतात, नराचे वृषण तपासतात. परक्याशी अलिप्त राहिला तर चालतं, पण आक्रमक किंवा फार भित्रा दिसला की बाद. ४२ दातांपैकी एक जरी नसला तरी रॉटवायलर बाद होतो. वरचे-खालचे दात कसे जुळावेत, हे मात्र जातीप्रमाणे: बॉक्सरचा खालचा जबडा पुढे असतो, तो दोष नाही. तोंड उघडू देण्याची सवय पिल्लूपणीच लावा. ही सवय आमच्याकडे होती, नशीब.

हो, आणखी एक. प्रत्येक शोनंतर जजचा लेखी अभिप्राय मिळायचा. मी ग्रेड बघून घडी घालायचो. वर्षभराने चारही कागद सापडले. त्यातल्या तीन कागदांवर तेच होतं: "पुढचं पाऊल आखूड."