इंजिनिअरिंगचा प्रवेश आणि फीचे पैसे: अकरावीपासून करायची तयारी

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या ऑप्शन फॉर्मची मुदत संपत आलेली असते आणि घरात कुणीतरी म्हणतं, "आधी नंबर तर लागू दे, फीचं बघू नंतर." महाराष्ट्रात ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. फी किती भरावी लागणार, हे तुमच्या हातात कोणते दाखले आहेत आणि प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) झाला की मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून), यावर ठरतं. दोन्ही गोष्टींची तयारी निकालाच्या कितीतरी आधी करावी लागते.

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत एक फाइल आणा. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाइल हे तिच्यात जाईलच. डोमिसाइल अजून काढलं नसेल तर सेतूत अर्ज टाका. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर सगळ्यात आधी जात पडताळणीचं काम हाती घ्या, कारण त्याला लागणारा पुरावा घरात क्वचितच सापडतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा बघितला जातो. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत गेले, तिथल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. त्यासाठी गावी जावं लागतं, मुख्याध्यापकांना भेटावं लागतं, रजिस्टरमध्ये आडनावाच्या जागी नुसतंच वडिलांचं नाव निघालं तर वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. पडताळणीच्या अर्जाच्या पावतीवर तात्पुरतं भागेल, या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखले मात्र फार लवकर काढून उपयोग नाही. त्यांची मुदत मार्चअखेर संपते, म्हणून प्रवेशाच्या वर्षी एप्रिलमध्ये नवे काढा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत घ्या. आणि एका संध्याकाळी सगळे कागद शेजारी शेजारी मांडून नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख एकेक अक्षर जुळवून बघा.

बँक खात्याचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तुमच्या मनातल्या खात्यात नाही. माझ्या भाच्याची पहिल्या वर्षाची रक्कम त्याने आठवीत शाळेसाठी उघडलेल्या खात्यात जाऊन पडली. पासबुक हरवलेलं, मोबाइल नंबर जुना. ते खातं पुन्हा चालू करण्यात आमचे दोन महिने गेले. आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेलं आहे ते आजच तपासा.

सीईटीबद्दल इथे थोडक्यात. पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० एकट्या गणिताचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बारावीला दुर्लक्षू नका. खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतातच.

आता वही घ्या. मनातल्या प्रत्येक कॉलेजसमोर गेल्या वर्षीचा कटऑफ आणि त्याच ओळीत फी लिहा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. ट्यूशन, डेव्हलपमेंट, परीक्षा, होस्टेल, मेस वेगवेगळं लिहून चार वर्षांची बेरीज करा. माफी मिळते ती मुख्यतः ट्यूशन फीची, बाकीचं घरातून द्यावं लागतं. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या जागांना वेगळा चॉइस कोड असतो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ते कोड फॉर्ममध्ये वर ठेवा, पण त्यांचा कटऑफ चढा असतो आणि पुढे कॉलेज बदलता येत नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून ज्याची फी झेपणार नाही असं कॉलेज हौसेने पहिलं टाकू नका.

राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ट्यूशन आणि परीक्षा फी निम्मी मिळते. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांत ही फी पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत विद्यापीठांत ही सवलत नाही, मॅनेजमेंट कोट्यातही नाही. कुणी "डोनेशन देऊन जागा पक्की करा" म्हणालं तर उठून या. कॅपिटेशन फीला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. दुसऱ्या वर्षी रिन्युअल विसरणारी मुलं पाहून जीव हळहळतो.

तरीही पैसे कमी पडत असतील तर कर्ज. ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा भरावा लागत नाही, तारणही नाही. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तसं ते शिकत असतानाच भरत राहा. शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा आणि शाखा व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटा. जाताना अलॉटमेंट लेटर आणि कॉलेजच्या शिक्क्याचं चार वर्षांचं फी स्ट्रक्चर न्या.

जागा स्वीकारायचे १००० रुपये पहिल्या फेरीच्या आधीच खात्यात ठेवा. कॉलेजात जाताना मूळ कागदांसोबत झेरॉक्सचे तीन संच न्या, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती त्याच फाइलमध्ये लावा.