नीळ आणि मंजिष्ठा: या चुका टाळा

बादलीतलं पाणी निळंशार दिसलं की समजावं, अजून काहीच झालेलं नाही. नवशिके नेमके तेव्हाच कापड बुडवतात.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हौशी गटाने अशाच सहा सुती ओढण्या बुडवल्या. वाळल्यावर रंग झकास. पहिल्याच धुण्यात सगळी नीळ मोरीत. मग खापर दुकानदारावर, भेसळ केली म्हणून. भेसळ नव्हती. नीळ पाण्यात विरघळतच नाही. चुन्याच्या पाण्यात तिचं क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलटी रासायनिक क्रिया) झालं की पिवळट-हिरवं, विरघळणारं रूप तयार होतं. ते धाग्यात शिरतं आणि हवा लागली की तिथेच पुन्हा निळं होऊन अडकतं. क्षपण न झालेली भुकटी धाग्यावर नुसती बसते. ‘केमिकलची नीळ लगेच चढते’ हेही खोटं. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने १८९७ मध्ये बाजारात आणलेल्या कृत्रिम निळीचा रेणू तोच, नखरेही तेच.

दहा लिटरला ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम विरवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी, आणि क्षपण घडवायला १५० ग्रॅम फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर. नीळ आधी गरम पाण्यात घोटावी, नाहीतर गुठळ्या तरंगतात. पानाचा चुना नको, त्यात पाणी किती ते कळत नाही. घरातली साखर तर नकोच, ती म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज क्षपण करत नाही. गूळ चालतो, सावकाश. ५० अंशांवर तासभर थांबा. वर तांबूस चकाकी, खाली पिवळट-हिरवं पाणी, चुना तळाला, मगच ओलं कापड अलगद आत. पाच मिनिटं बुडवून पंधरा मिनिटं हवेत. गडद हवं तर पुन्हा. सारखं ढवळून बघणाऱ्यांना बादलीपासून लांब ठेवावं, प्रत्येक ढवळण्याने हवा आत जाते.

हातमोजे घाला, चुना कातडी खातो.

कपड्यांना घालायची किराण्यातली निळीची पूड बहुधा अल्ट्रामरीन नावाचं वेगळंच निळं रंगद्रव्य असते. तिचा इथे उपयोग शून्य.

आता मंजिष्ठा, म्हणजे जिच्या मुळांपासून लाल रंग मिळतो ती वनस्पती. तिचा लाल विटकरी झाला तर आच बघा: ७० अंशांच्या वर तपकिरी छटा उतरते. रंग धरून ठेवायला तुरटी लागते, पण सुती कापडावर नुसती तुरटी टिकत नाही. १०० ग्रॅम कापडाला आधी २० ग्रॅम हिरडा, न धुता वाळवून मग १५ ग्रॅम तुरटी. ठाण्याच्या जुन्या इमारतींत गंजलेल्या टाकीचं पाणी हा सगळा खेळ बिघडवतं. पेलाभर पाण्यात चिमूट हिरडा टाका. शाईसारखं काळवंडलं तर त्यात लोह आहे, लालाचा बेत त्या पाण्यात करू नका. जुलैत हिरडा लावलेलं कापड दोन दिवस ओलंच राहतं आणि बुरशीचे ठिपके धरतं. पंख्याखाली वाळवा, नाहीतर सरळ ऑक्टोबरची वाट बघा.