मीटरभर रेशमी कटपीसमधून साधा टॉप

ठाण्यात जांभळी नाक्यावर कापडाच्या दुकानात शिरले की मी आधी कटपीसच्या ढिगाकडे वळते. ताग्याच्या शेवटी उरलेला मीटर-सव्वा मीटरचा तुकडा कुडत्याला पुरत नाही, म्हणून तो तिथे येऊन पडतो. गेल्या दिवाळीआधी अशाच ढिगात मला शेवाळी रंगाचं छापील रेशीम मिळालं, त्यावर उडणारे पांढरे बगळे. एक मीटर लांब, पन्हा म्हणजे रुंदी ४४ इंच. एवढ्या कापडात ३६ इंच छातीचा, बिनबाह्यांचा सैल टॉप आरामात होतो. शिवायला एक दुपार पुरते. कापण्याआधीच्या तयारीला मात्र त्याहून जास्त वेळ ठेवा. रेशमाचा टॉप बिघडतो तो बहुतेक वेळा कापतानाच.

रेशीम आहे ना, ते आधी बघा

शुद्ध रेशमाची खात्री देणारी 'सिल्क मार्क'ची खूण २००४ पासून मिळते, पण ती साडीला किंवा पूर्ण मालाला लावलेली असते. कटपीसला लेबल कुठलं असणार! मला एकदा एका दुकानात रेशीम म्हणून चक्क पॉलिस्टर दिलं होतं. तो टॉप ठाण्याच्या मे महिन्यात अंगाला असा चिकटायचा की शेवटी मी तो घालणंच सोडलं. तेव्हापासून घरी आल्यावर कडेचे चार धागे ओढून काढते, चिमट्यात धरून ताटलीवर जाळून बघते. रेशीम हळूहळू जळतं, केस जळल्यासारखा वास येतो, कारण केसांसारखंच तेही प्रथिनांचं बनलेलं असतं. राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. कागद जळल्यासारखा वास आला तर ते व्हिस्कोस किंवा सुती समजा.

धुणं आणि खळ

ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा दाबून बघा. रंग लागला तर कापड एकटंच धुवा. थंड पाणी, सौम्य शाम्पूचे दोन थेंब, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. जे काही आटायचं आहे ते आत्ताच आटू दे.

रेशीम घसरतं, ही त्याची खरी अडचण. यावर साबुदाण्याची खळ फार कामाची आहे. एक चमचा साबुदाणा दोन वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा आणि पाणी घालून ताकाहून पातळ करा. आधी कोपऱ्यावर लावून वाळू द्या. डाग दिसला नाही तर अख्खं कापड त्यात बुडवून काढा. पुरतं वाळायच्या आत, थोडं दमट असताना, उलट्या बाजूने इस्त्री करा. इस्त्रीची चकती 'सिल्क'वरच ठेवा आणि वरून पाणी शिंपडू नका, थेंबांचे डाग राहतात. आता हेच कापड कागदासारखं वागतं. टॉप शिवून झाला की पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

फरशीवरचा तास

फरशी पुसून कोरडी करा, पंखा बंद करा आणि त्यावर खाकी कागद पसरा. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते. कापड घडी न घालता एकेरीच, सुलट बाजू वर ठेवून मांडा. घडी घातली की खालचा थर सरकतो आणि ते कापल्यावरच कळतं.

आता कात्री दूर ठेवा आणि नुसता प्रिंट बघा. त्यातल्या आकृत्यांना वर-खाली आहे का? वेलबुट्टी असेल तर चालून जातं, पण पक्षी, हत्ती, झाडं यांना डोकं आणि पाय असतात. माझा पहिला छापील टॉप मी खांद्यावर शिवण नको म्हणून एका लांब तुकड्यातून, मधोमध गळा पाडून कापला होता. पुढे मोर ऐटीत उभे आणि पाठीवर सगळे उलटे टांगलेले! बहिणीने सांगेपर्यंत मला दिसलंही नव्हतं. म्हणून पुढचा आणि मागचा भाग वेगळे, पन्ह्यात शेजारी शेजारी, दोन्हींची मान एकाच दिशेला. खांद्यावर दोन शिवणी आल्या तरी काही बिघडत नाही.

दोन्ही बाजूंची किनार कापून टाका, ती धुतल्यावर ओढली जाते. राहिलेल्या ४३ इंचांत प्रत्येकी साडेएकवीस इंच रुंद आणि २५ इंच लांब असे दोन चौकोन बसतात. शिवणी जाऊन टॉपचा घेर ४१ इंच होतो, म्हणजे ३६च्या छातीला पाच इंच सैल. लांबीला १४ इंच कापड उरतं. ते कापू नका, गळ्याच्या आणि मुंढ्याच्या (हात बाहेर येतो त्या जागेच्या) पट्ट्या त्यातूनच निघतील. छाती ४२ असेल तर दीड मीटर घ्या, २५ बाय २५ चे दोन भाग एकाखाली एक मांडा. तेव्हाही दोन्हींच्या माना एकाच बाजूला हव्यात.

कागदात चौकोनाएवढी खिडकी कापा आणि ती कापडावर सरकवत बघा. मोठं फूल बरोबर छातीवर येत असेल तर इंच-दोन इंच बाजूला घ्या. माझ्या कापडात एक बगळा असा होता की गळा कापताना त्याची मान गेली असती. मी चौकोन दीड इंच खाली घेतला, आता तो डाव्या खांद्याखाली पंख पसरून आहे. या टॉपला टक्स (आकारासाठी घेतलेल्या टोकदार चुण्या) घालू नका, ते प्रिंट मधोमध मोडतात.

जागा ठरली की पातळ टाचण्या शिवणीच्या जागेतच टोचा, मधे भोकं राहतात. खडूने आखा: बाहेरच्या टोकाला खांदा एक इंच उतरवा. गळ्यासाठी मध्यापासून दोन्हीकडे पावणेपाच इंच, पुढे खोली चार इंच, मागे दीड. गळ्याचा घेर २४ इंचांच्या आसपास येतो, डोक्यातून सहज जातो, चेन किंवा बटण लागत नाही. आपलं डोकं टेपने मोजून खात्री करून घ्या. मुंढ्यासाठी खांद्यापासून साडेआठ इंच खाली खूण करा आणि तिथवर अर्धा इंच आत हलकी गोलाई द्या. कागदासकट कापा, म्हणजे कात्रीच्या पात्याखाली कापड पळत नाही.

गळा कापल्याबरोबर कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत एक टीप मारून घ्या. गळ्याची गोलाई नुसती हाताळूनही ताणली जाते आणि एकदा सैल झाली की परत बसत नाही.

मशीनवर

रोजची १४ किंवा १६ नंबरची सुई काढा, नवीन ९ किंवा ११ नंबरची लावा. बोथट सुई धागा ओढते आणि टिपेशेजारी पांढरी रेघ उमटते, ती जात नाही. बारीक दोरा, टीप दोन ते अडीच मिलिमीटर. सुरुवातीला मशीन कापड खाली ओढून घेतं, म्हणून दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरा आणि खाली पातळ कागदाचा तुकडा ठेवा, नंतर तो फाडून काढता येतो. उरलेल्या चिंधीवर आधी टीप मारून बघा. टीप चुण्या पाडत असेल तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा.

रेशमाच्या कडा विसकटतात, म्हणून शिवण दुहेरी घ्या. आधी उलट बाजूला उलट बाजू ठेवून दोन सुतांवर टीप, मग कड एक सूत ठेवून छाटा. कापड पलटून सुलट बाजू आत, समोरासमोर आणा, इस्त्री करा आणि पुन्हा दोन सुतांवर टीप. कच्ची कड आत बंद होते. दोन्ही खांदे असे जोडा.

गळ्याला उरेबी पट्टी. उरलेल्या १४ इंच कापडातून तिरप्या, सव्वा इंच रुंदीच्या चार पट्ट्या कापा. तिरपी पट्टी जवळजवळ वीस इंच लांब निघते. दोन जोडून गळ्याला, एकेक मुंढ्याला. जोड मागच्या बाजूला येऊ द्या. पट्टी सुलट बाजूने लावताना ती किंचित ताणा, गळ्याचं कापड अजिबात ओढू नका, म्हणजे गळा छातीवर उघडा पडत नाही. गोलाईत कडेला बारीक चिरा द्या, पट्टी आत वळवा, कड दुमडा आणि हातशिलाईने घाला. एकेका टाक्यात कापडाचे एक-दोनच धागे घ्या, मग बाहेरून काहीच दिसणार नाही.

मग बाजू मुंढ्याच्या खुणेपासून खालपर्यंत दुहेरी शिवणीने जोडा, मुंढ्यांना पट्टी लावा आणि खालचा घेर पाव-पाव इंच दोनदा दुमडून हाताने शिवा. शिवताना हाताला खोबरेल किंवा क्रीम नको, डाग पडतो. पावसाळ्यात सकाळीच बसा, दुपारी बोटांना घाम येतो.

घातल्यावर टॉप फार दिवस घामासकट ठेवू नका, घामाने रेशीम कमकुवत होतं आणि काखेतला रंग उडतो. थंड पाण्यात धुवा, ब्लीच कधीच नको, सावलीत हँगरवर टांगा. माझ्या बगळ्यांच्या टॉपमधून तिरप्या पट्ट्या काढूनही दोन त्रिकोणी तुकडे उरले होते, ते आईने गोधडीसाठी बाजूला ठेवलेत.